वाऱ्यातील भोवऱ्यांचे गणित

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे, हिमनगावर आदळलेली ‘टायटॅनिक’ ही प्रचंड आगबोट अटलांटिक महासागरात बुडाली आणि सुमारे १,५०० माणसे प्राणांस मुकली. असा अनर्थ पुन्हा घडू नये म्हणून पुढच्याच वर्षी ‘स्कॉशिया’ नावाचे एक जुने लाकडी जहाज हिमनगांवर पाळत ठेवण्यासाठी न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात पाठविण्यात आले. त्या जहाजावर २७ वर्षांचा एक हवामानशास्त्रज्ञ होता. तो भर समुद्रात पतंग उडवीत असे! हा पोरखेळ नव्हता. पतंगाला बांधलेली उपकरणे उंचावरील हवेचे तपमान व आर्द्रता टिपून घेत. त्या तरुणाचे नाव जेफ्री इनग्रॅम टेलर.

टेलर यांचा जन्म ७ मार्च १८८६ रोजी लंडन येथे झाला. वडील चित्रकार होते; आई ही प्रख्यात गणितज्ञ जॉर्ज बूल यांची कन्या. आजी ज्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी, त्यांचेच नाव हिमालयातील सर्वोच्च शिखरास मिळाले आहे. ११ वर्षांचे असताना टेलर यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी होणारी नाताळची व्याख्याने ऐकली आणि विज्ञानाची गोडी त्यांना लागली, ती कायमची. पुढे केंब्रिज हीच त्यांची कर्मभूमी झाली.

पतंगांनी त्यांना काय सांगितले? उबदार हवा थंड समुद्रावर आली की खालून निवू लागे. पण हा गारवा वर कसा चढे? हवेतील असंख्य लहानमोठे भोवरे तो वर नेतात, हे टेलर यांनी ओळखले. अशा भोवऱ्यांनी भरलेल्या प्रवाहास संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. त्यांतील एकेका भोवऱ्याचा माग काढणे कोणास शक्य आहे? परंतु एकेका मुलाची उंची न सांगताही साऱ्या वर्गाची सरासरी उंची सांगता येते. तसेच भोवऱ्यांचे सरासरी बळ व आकार सांगता येतात, हे टेलर यांनी १९३५ साली गणिताने दाखविले. १९३८ मध्ये त्यांनी आणखी एक कल्पना वापरली. वेगवान वाऱ्यातील भोवरे बदलण्यापूर्वीच पुढे निघून जातात. म्हणून ते जणू गोठलेले आहेत असे मानावे. पुलावर उभा असलेला माणूस जागचा न हलता नदीवरील फेसाची सारी नक्षी पाहतो, तसेच हे.

या विचारांचा उपयोग आज पंख्यांच्या आवाजाचे भाकीत करण्यासाठी होतो. पंख्याची पाती ठरावीक वेळाने येऊन जातात, त्यातून एक ठरावीक गुणगुण निघते. हवेतील भोवरे मात्र पात्यांच्या धारेवर वेडेवाकडे आपटतात आणि त्यांतून ‘सूं सूं’ असा बेसूर घोष उठतो. विमानाच्या जेट एंजिनात पुढे मोठा पंखा असतो. त्याच्या पात्यांमागे उठलेले भोवरे मागच्या स्थिर पात्यांवर धडकतात. विमानतळाजवळ राहणाऱ्यांची झोप मोडणाऱ्या गोंगाटात या घोषाचा वाटा मोठा. एंजिन बांधून मग आवाज ऐकावा, तर ते फार खर्चाचे. प्रत्येक खरा भोवरा संगणकात उभा करावा, तर बलाढ्य संगणकही थकतो. म्हणून अभियंते संगणकात कृत्रिम भोवरे निर्माण करतात. हे भोवरे काल्पनिक असले, तरी त्यांचे सरासरी बळ व आकार खऱ्या वाऱ्यासारखेच राखलेले असतात. टेलर यांच्या कल्पनेप्रमाणे ते गोठल्यासारखे पात्यांवर सोडतात, आणि पात्यांवरील दाब कसा थरथरतो यावरून आवाजाचे गणित करतात. पात्याचा आकार कोठे बदलावा, हे मग एंजिन घडविण्यापूर्वीच कळू लागते.

टेलर नुसते कागदावर आकडे मांडणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात ते स्वतः विमान चालविण्यास शिकले. शिडाच्या नौकेतून समुद्रसफर करणे हा तर त्यांचा आवडता छंद. वजनाने हलका, तरीही तळाशी घट्ट रुतणारा नांगर हवा, म्हणून १९३३ मध्ये त्यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा एक नवा नांगर तयार केला. जहाजाचा आणि शेताचा, दोन्ही नांगरांना मराठीत एकच शब्द आहे. टेलर यांनी त्या वस्तूही एक केल्या म्हणावयाच्या! २७ जून १९७५ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.