देऊळही तिचं, गोधडीही तिची

दिवाळीच्या आधी आमच्या बचत गटाने गोधड्यांचा स्टॉल लावला होता. एक बाई आल्या, दोन-चार गोधड्या उलटसुलट करून पाहिल्या आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांना एवढे पैसे कसले, असं म्हणून निघून गेल्या. गटातल्या आजींनी काही न बोलता गोधडीची घडी पुन्हा घातली. मला मात्र त्या क्षणी स्टेलाबाई आठवल्या.

तुम्ही म्हणाल, या कोण? स्टेला क्रामरिश. बी.ए.ला असताना हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि पेपर झाल्यावर विसरूनही गेले. मुलं मोठी झाल्यावर लायब्ररीतून त्यांचा ‘द हिंदू टेंपल’ हा ग्रंथ आणला. खरं सांगते, मजकूर फार जड. निम्मा डोक्यावरून गेला. पण त्यातली छायाचित्रं बघत बसले ती बसलेच. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही.

स्टेलाबाईंचा जन्म १८९६ चा, निकोल्सबुर्गचा. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आता ते झेक प्रजासत्ताकात आहे. लहानपणी त्या बॅले नाच शिकल्या. पुढे व्हिएन्नात भगवद्गीतेचा अनुवाद हाती पडला आणि मुलीच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९१९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती भरहुत आणि सांचीच्या शिल्पांवर. तोवर भारतात पाऊलही टाकलेलं नव्हतं! पुस्तकं आणि छायाचित्रं एवढाच काय तो आधार.

मग इंग्लंडमध्ये त्यांची व्याख्यानं झाली, रवींद्रनाथ ठाकुरांशी गाठ पडली आणि त्यांनी शांतिनिकेतनला बोलावलं. पंचविशीतली एकटी मुलगी बोटीने निघाली. त्या काळात आपल्याकडे मुलगी शेजारच्या गावी शिकायला पाठवायची तरी घरात किती चर्चा व्हायची, ते आठवा. त्या कलाभवनात शिकवू लागल्या आणि १९२४ पासून १९५० पर्यंत कलकत्ता विद्यापीठात.

नव्या चित्रकलेशी त्यांचं नातं तितकंच घट्ट होतं. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात एक प्रदर्शन भरलं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेतल्या क्ले, कँडिन्स्की यांची चित्रं आणि आपल्या बंगाली चित्रकारांची चित्रं तिथे एकत्र मांडली होती. जर्मनीतून चित्रं मागवण्यासाठी पत्रव्यवहार केला तो स्टेलाबाईंनी. गगनेंद्रनाथ ठाकुरांच्या नव्या धाटणीच्या चित्रांवरही त्यांनी लेख लिहिला.

मला जास्त भावलं ते वेगळंच. याच ठाकुरांच्या घरात सुनयनी देवी होत्या, गगनेंद्रनाथांची बहीण. लहानपणीच लग्न झालेलं, चित्रकलेचं शिक्षण शून्य. तिशीच्या आसपास, संसार सांभाळता सांभाळता त्यांनी हाती कुंचला घेतला. भावांच्या नावाचा डंका वाजत असताना या बाईच्या चित्रांवर सविस्तर लिहिलं स्टेलाबाईंनी, तेही जर्मन नियतकालिकात. सुनयनीबाईंच्या रेघेत त्यांना बंगालच्या मातीतल्या लोककलेचा जिवंतपणा दिसला. घरात बसून केलेलं काम म्हणजे हौस, असा शिक्का त्यांनी मारला नाही.

आता देवळांकडे येते. ‘द हिंदू टेंपल’ १९४६ मध्ये दोन खंडांत कलकत्ता विद्यापीठाने छापला. त्यातली छायाचित्रं रेमंड बर्निए या स्विस छायाचित्रकाराने काढलेली. तो काशीत राहायचा आणि खजुराहोसारख्या ठिकाणी फिरून शिल्पं टिपायचा. दगडावर पडलेलं ऊन आणि खाचांमधली सावली यांमुळे मूर्ती अगदी हाताला लागते आहे असं वाटतं. या छायाचित्रांशेजारी स्टेलाबाईंनी शास्त्रग्रंथ ठेवले. जमिनीवर आखलेलं वास्तुपुरुषमंडल, आत काळोखा गर्भगृह, वर मेरू पर्वतासारखं शिखर. भिंतीला जंघा म्हणतात, वर स्कंध, मग ग्रीवा. म्हणजे देऊळ हे देवाचं घर, तसंच देवाचं शरीरही. आपण मात्र चपला सांभाळत रांगेत उभ्या राहतो आणि भिंतीकडे मान वर करून बघतही नाही.

‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तल्या चित्रकलेच्या भागाचा अनुवादही त्यांनी केला होता. त्यात राजाला मूर्ती घडवायला शिकायचं असतं. ऋषी त्याला सांगतात की त्यासाठी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि त्यासाठी गाणं. नाचलेल्या बाईला हे चटकन उमगलं असणार, असं मला आपलं वाटतं.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आहे. अजिंठा-वेरूळ निजामाच्या राज्यात होतं तेव्हा, १९३७ मध्ये, दख्खनच्या चित्रकलेवरचं त्यांचं पुस्तक निघालं. घारापुरीच्या लेण्यावर तर त्यांनी ऐंशीच्या पुढे वय गेल्यावरही लिहिलं. ज्याला आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो ते ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत, शिवाचीच मुखं आहेत. मधलं शांत, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोमल स्त्रीरूप.

एक खंत मात्र वाटते. दगड वाहणारे, छिन्नी चालवणारे, आणि ज्यांना शतकानुशतकं देवळाच्या पायरीवरच अडवलं ते, यांच्याबद्दल त्या जाडजूड ग्रंथात फारसं काही नाही. वस्तीत काम करणाऱ्या माझ्यासारखीला ते टोचतं.

त्यांच्या वाट्यालाही कमी आलं नाही. पती लास्लो नेमेन्यी हंगेरियन अर्थतज्ज्ञ. फाळणीनंतर ते नोकरीसाठी कराचीला गेले, या कलकत्त्यातच राहिल्या. १९५० मध्ये ते कराचीच्या समुद्रकिनारी गोळी लागून मेलेले सापडले. त्याच वर्षी स्टेलाबाईंनी भारत सोडला आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागल्या. वय चौपन्न. १९५४ पासून फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाचा भारतीय विभाग त्यांच्याकडे होता. १९६८ मध्ये त्यांनी तिथे खेड्यापाड्यांतल्या आणि आदिवासींच्या कलेचं प्रदर्शन भरवलं, १९८१ मध्ये शिवमूर्तींचं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९९३ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, फिलाडेल्फियातच त्या गेल्या.

आणि हो, गोधडी! बंगालमध्ये तिला कांथा म्हणतात. जुन्या साड्या-धोतरांचे थर, त्यांच्याच काठांतून काढलेले दोरे, मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडं. स्टेलाबाईंनी बंगालमध्ये असतानाच असे कांथा जमवले, १९३९ मध्ये त्यावर लेख लिहिला. देवळाची मांडणी जितक्या गांभीर्याने पाहायची, तितक्याच गांभीर्याने या चिंध्यांची. पुढे तो संग्रह त्यांनी फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाला दिला. आपल्या बायकांचं काम परदेशात गेलं याचं वाईट वाटतं, आणि इथे त्यातल्या किती टिकल्या असत्या, तेही कळतं. शिवणाऱ्या बहुतेकींची नावं कोणालाच माहीत नाहीत.

स्टॉल आवरल्यावर मी गटातल्या बायकांना म्हटलं, यापुढे गोधडीच्या कोपऱ्यात आपापलं नाव शिवा. दोघी तयार झाल्या. आजींचं म्हणणं, पांघरुणावर कशाला हवं नाव. अजून वाद चालू आहे.