निर्वासितांचा कैवारी नान्सेन

युद्ध संपल्याची वार्ता आली की राजधान्यांतून घंटा वाजतात आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. १९१८ च्या नोव्हेंबर महिन्यात युरोपात असेच घडले. परंतु पहिल्या महायुद्धाचा हिशेब त्या दिवशी मिटला नव्हता. शत्रूच्या हाती सापडलेले लाखो शिपाई परमुलखातील छावण्यांत कुजत पडले होते. शेते ओसाड झाली होती. कित्येकांना परतण्यासाठी घर उरले नव्हते, तर कित्येकांना आपला म्हणावा असा देशच उरला नव्हता. मागे राहिलेल्या या दुःखाचा भार ज्याने स्वतःच्या शिरावर घेतला, त्या पुरुषाचे नाव फ्रिट्योफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वे देशाच्या राजधानीजवळ झाला. या शहराला तेव्हा क्रिस्तियानिया म्हणत. आज ते ऑस्लो या नावाने ओळखले जाते. वडील वकील होते आणि घरची शिस्त कडक होती. बर्फाळ टेकड्या व रानेवने यांत वाढलेल्या या मुलाला निसर्गाचे वेड लागले आणि त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. ग्रीनलँडचा हिममय प्रदेश आरपार ओलांडण्याचा मनसुबा त्याने केला तेव्हा जाणत्या लोकांनी त्याला वेड्यात काढले. पूर्वीचे प्रवासी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि संकट आले की मागे फिरत. नान्सेनने उलट दिशा धरली. तो १८८८ साली पाच सोबत्यांसह निर्जन अशा पूर्व किनाऱ्यावर उतरला. मागे परतण्याजोगे काही नव्हतेच. तेव्हा पुढे जाणे भाग पडले, आणि सहाही जण पश्चिम किनाऱ्यावर सुखरूप पोहोचले.

पुढे १८९३ साली त्याने ‘फ्राम’ नावाचे जहाज घेऊन उत्तर ध्रुवाकडे प्रस्थान ठेवले. ‘फ्राम’ म्हणजे ‘पुढे’. जहाजाचा तळ मुद्दाम गोलसर बांधला होता. त्यामुळे चहूबाजूंनी बर्फाने आवळले तरी जहाज चिरडून न जाता वर उचलले जाई. बर्फात रुतलेले ते जहाज समुद्राच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत राहिले. परंतु ते ध्रुवावर पोहोचणार नाही हे दिसताच नान्सेन १८९५ च्या मार्च महिन्यात योहान्सेन या एका सोबत्याला घेऊन, कुत्र्यांच्या घसरगाड्यांसह पायी निघाला. ८ एप्रिल रोजी ते दोघे ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचले. इतक्या उत्तरेस तोपर्यंत कोणीही मनुष्य गेला नव्हता. तेथून मात्र त्यांना माघार घ्यावी लागली. दगडांची भिंत आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर अशा खोपटात त्यांनी ध्रुवप्रदेशाचा दीर्घ हिवाळा काढला आणि अस्वलाचे मांस खाऊन प्राण जगविले. एकदा त्यांच्या हलक्या होड्या सर्व सामानासह वाहून जाऊ लागल्या, तेव्हा नान्सेनने गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेऊन त्या परत आणल्या. तीन वर्षांनी हे वीर मायदेशी परतले तेव्हा नान्सेनचे नाव जगभर झाले.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून शांततेने वेगळा झाला. त्या कामी नान्सेनने आपले वजन खर्ची घातले आणि पुढे दोन वर्षे लंडनमध्ये नॉर्वेचा वकील म्हणून काम केले. त्यानंतर त्याचे मन पुन्हा समुद्राच्या संशोधनात रमले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानले असते, तर त्यात नवल नव्हते.

पण १९२० च्या एप्रिल महिन्यात राष्ट्रसंघाने त्याच्याकडे युद्धकैद्यांना घरी पोहोचविण्याचे काम सोपविले. जर्मनी, ऑस्ट्रिया व हंगेरी येथील शिपाई सायबेरियात अडकले होते आणि रशियाचे शिपाई जर्मनीत. काहींना कैदेत पाच-सहा वर्षे लोटली होती. थंडी, भूक आणि तापाची साथ यांनी ते रोज मरत होते. पैसा अपुरा आणि जहाजे थोडी, अशी स्थिती होती. त्यातच रशियातील नवे सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानीत नव्हते. मात्र नान्सेनशी बोलणी करण्यास ते तयार झाले, कारण त्याच्या शब्दावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. त्याने जहाजे मिळविली आणि बाल्टिक समुद्रातून कैद्यांची ने-आण सुरू केली. पुढील दोन वर्षांत सुमारे ४ लाख २७ हजार कैदी आपापल्या घरी गेले.

हे काम चालू असतानाच दुसरे संकट कोसळले. रशियात आणि युक्रेनमध्ये महायुद्धामागून राज्यक्रांती झाली आणि क्रांतीमागून यादवी युद्ध पेटले. युक्रेनच्या भूमीवर तर अनेक सैन्ये येऊन गेली. कीव्ह शहर कितीदा या हातातून त्या हातात गेले याची गणतीच नव्हती. प्रत्येक सैन्याने शेतकऱ्याचे घोडे नेले आणि कणगीतले दाणे नेले. सरकारी वसुलीने बियाणेही शिल्लक ठेवले नाही. त्यातच १९२१ साली पावसाने दगा दिला. एरवी अशा दुष्काळात साठविलेल्या धान्यावर लोक तग धरतात. येथे साठाच नव्हता. व्होल्गा नदीचे खोरे आणि दक्षिण युक्रेन येथील गावेच्या गावे अन्नाच्या शोधात रस्त्यावर आली. या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे मरण पावली असावीत असा अंदाज आहे.

१९२१ च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाच्या सभेपुढे नान्सेन उभा राहिला. त्याने ५० लाख पौंडांचे कर्ज मागितले. ही रक्कम एका युद्धनौकेच्या निम्म्या किमतीएवढी आहे, हे त्याने सभासदांना दाखवून दिले. अमेरिकेत गहू खपाविना पडून आहे, अर्जेंटिनात मका जळणासाठी वापरला जात आहे आणि युरोपच्या बंदरांत जहाजे रिकामी उभी आहेत, हेही त्याने सांगितले. परंतु मदत दिल्यास सोव्हिएत सरकार बळकट होईल, ही भीती राज्यकर्त्यांच्या मनात होती. ही भीती अगदी निराधार नव्हती. नान्सेननेही ती नाकारली नाही. एखादे सरकार बळकट होऊ नये म्हणून लाखो निरपराध माणसांना मरू द्यावे काय, एवढाच प्रश्न त्याने विचारला. सभेने कर्ज नाकारले.

सरकारांनी पाठ फिरविली, तेव्हा नान्सेन लोकांकडे वळला. हिवाळ्यात तो स्वतः व्होल्गाकाठच्या दुष्काळी भागात हिंडला. तेथील भुकेल्या मुलांची छायाचित्रे घेऊन तो युरोपातील शहरोशहरी व्याख्याने देत फिरला. सभागृहांतून मिळालेल्या पैशातून धान्य, औषधे आणि कपडे यांच्या गाड्या निघू लागल्या. हर्बर्ट हूव्हरच्या अमेरिकन मदतसंस्थेचे काम याहून कितीतरी मोठे होते. १९२२ च्या उन्हाळ्यात ती रोज १ कोटीहून अधिक लोकांना जेवू घालीत होती. युक्रेनकडे मात्र मदत उशिरा वळली. मॉस्कोच्या सरकारने आधी व्होल्गाच्या दुष्काळावर भर दिला होता आणि भुकेल्या युक्रेनमधूनही धान्य बाहेर नेणे चालूच ठेवले होते. तेव्हाची युक्रेनची राजधानी खार्किव येथे नान्सेनच्या संस्थेची कचेरी उघडली ती १९२२ च्या आरंभी. तेथे कप्तान क्विस्लिंग या नॉर्वेच्या तरुण अधिकाऱ्याने मन लावून काम केले. माणसाचे जीवन कसे वळण घेईल हे सांगता येत नाही. हाच क्विस्लिंग दुसऱ्या महायुद्धात हिटलरला जाऊन मिळाला, आणि पुढे त्याचे नाव अनेक भाषांत देशद्रोह्याला समानार्थी झाले.

१९२२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक नान्सेनला मिळाले. त्या पैशातून त्याने व्होल्गाकाठी एक आणि युक्रेनमध्ये एक अशी दोन आदर्श शेतीकेंद्रे उभारली. भुकेल्याला आज भाकर द्यावी, पण उद्या त्याची शेतीही उभी राहावी, असा त्याचा हेतू होता. दैवाने तसे घडू दिले नाही. १९३२-३३ साली सरकारच्या सक्तीच्या वसुलीमुळे युक्रेनमध्ये पूर्वीपेक्षाही भयंकर उपासमार झाली. त्या वेळी सरकारने ती जगापासून लपविली आणि बाहेरच्या मदतीला दार उघडले नाही. नान्सेन तेव्हा हयात नव्हता.

यादवी युद्धामुळे लाखो रशियन, आणि त्यांच्याबरोबर युक्रेनियनही, देशोधडीला लागले होते. सोव्हिएत सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला सरहद्द ओलांडता येईना आणि कामही मिळेना. जणू तो माणूसच नव्हे! १९२२ च्या जुलै महिन्यात नान्सेनने जिनिव्हा येथे अनेक सरकारांना एकत्र आणून अशा लोकांसाठी एक दाखला मान्य करून घेतला. त्यालाच ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणतात. तो एक साधा कागद होता, पण तो हाती असलेला मनुष्य सरहद्दीवरील अधिकाऱ्यापुढे ताठ उभा राहू शके. हळूहळू ५० हून अधिक देशांनी त्याला मान्यता दिली. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की आणि चित्रकार शागाल यांच्यापाशीही तो होता. पुढे १०० वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. खार्किववर तोफांचा भडिमार झाला आणि लाखो बायका-मुले शेजारच्या देशांत आली. युरोपीय संघाने आठ-नऊ दिवसांतच त्यांना राहण्याची, काम करण्याची आणि मुलांना शाळेत घालण्याची मुभा दिली.

ग्रीस व तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर दोन्हीकडील लोकांची अदलाबदल करण्याची योजनाही नान्सेनने पुढे मांडली. १२ लाखांच्या आसपास ख्रिस्ती आणि सुमारे ४ लाख मुसलमान यांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे कायमची सोडावी लागली. या उपायाला कठोर म्हणावे लागेल. त्याने कत्तली थांबविल्या असतील, पण अश्रू थांबविले नाहीत. आर्मेनियन निर्वासितांना वसविण्यासाठी नान्सेनने १९२५ नंतर जिवाचे रान केले. त्यासाठी पैसा मात्र कोणत्याही सरकारने पुरेसा दिला नाही. शेवटपर्यंत तो पत्रे लिहीत राहिला आणि बैठकांना जात राहिला.

१३ मे १९३० रोजी लिसाकर येथील राहत्या घरी नान्सेनने देह ठेवला. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. त्याच दिवशी राज्याच्या इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. त्याच्या पश्चात राष्ट्रसंघाने निर्वासितांसाठी त्याच्याच नावाची कचेरी स्थापन केली. १९३८ साली त्या कचेरीलाही शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि रस्ते पुन्हा निर्वासितांनी भरून गेले.