आडनावापुरते उरलेले कोसंबी

नीरा नदी पुरंदर तालुक्यातल्या वीरवरून पुढे बारामती-इंदापूरच्या बाजूला वाहत येते. वीरचा म्हस्कोबा धनगरांच्या कळपांबरोबर कसा आला, याचा माग काढत पुण्याचे एक गणिताचे प्राध्यापक या मुलखात पायी हिंडत असत. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. पण जगातल्या प्रयोगशाळांत त्यांचे आडनाव आजही रोज उच्चारले जाते, ते निराळ्याच कारणाने.

बारामतीजवळ माळेगावला २००९ साली पिकांवरील दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या शास्त्रातले शोधनिबंध चाळले, तर पिकांच्या जनुक-नकाशांखाली 'कोसंबी फलन' हे शब्द वारंवार भेटतात. गुणसूत्रावरची दोन जनुके जितकी दूर, तितकी ती पुढच्या पिढीत एकमेकांपासून सुटण्याची शक्यता अधिक. या सुटण्याच्या प्रमाणावरून अंतर काढायचे सूत्र हॉल्डेन यांनी १९१९ साली दिले होते. मात्र एका ठिकाणी अदलाबदल झाली, की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, हे त्यात धरलेले नव्हते. कोसंबींनी १९४४च्या सुमारास 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स' या लंडनच्या नियतकालिकात ही उणीव भरून काढणारे सूत्र मांडले. ते तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. जनुकशास्त्र हा त्यांचा विषयही नव्हता!

गोव्यातल्या कोसबेन येथे ३१ जुलै १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. त्यांच्याबरोबर अमेरिकेत जाऊन दामोदर १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. मग बनारस, अलीगढ आणि १९३३पासून पुणे. गणित करता करता त्यांनी हजारो प्राचीन नाणी तोलली. चलनात फिरताना नाणे किती झिजते, यावरून त्याचा काळ ठरवता येतो, हे संख्याशास्त्राने दाखवले. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्तीही १९४८ साली सिद्ध केली.

दुसऱ्या एका शोधाचे नशीब मात्र वेगळे निघाले. गुंतागुंतीच्या बदलत्या राशीला थोड्या मूळ घटकांत उलगडण्याची रीत त्यांनी १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्याच दशकात पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि जगाने रीतीला त्या दोघांचे नाव दिले. चेहऱ्यांच्या प्रतिमा मोजक्या घटकांत मांडण्यासाठी १९८७नंतर ती वापरली गेली. माणूस चेहरा कसा ओळखतो, याचा शोध घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनाही तिचा उपयोग झाला. अलीकडे काही अभ्यासक कोसंबींचे नाव पुढे जोडू लागले आहेत. एकाच माणसाचे दोन शोध, जवळपास एकाच काळातले. एकाला लंडनचे पान मिळाले, दुसऱ्याला मायदेशीचे.

नियतकालिकाची निवड त्यांना आणखी एकदा महागात पडली. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाऊन टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करणाऱ्या कोसंबींनी १९५९ साली रीमानच्या सुप्रसिद्ध कूटप्रश्नाला हात घातला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत त्यांची पत घसरली. फटकळ स्वभावाने मित्र आधीच कमी केले होते. १९६२ साली त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेत शोधनिबंधांच्या उल्लेखांची गणना करणारी सूची निघू लागली होती. आज प्राध्यापकाची बढती अशा आकड्यांवर तोलली जाते. कोसंबींच्या सूत्राने मात्र हा हिशेबच अपुरा ठरवला. ते संगणकाच्या कार्यक्रमांत जाऊन बसले. वापरणारा पर्याय निवडतो आणि पुष्कळदा मूळ निबंधाचा उल्लेखही करत नाही. विचार इतका अंगवळणी पडला की लेखक कोण, हे सांगावेसे वाटत नाही. आकड्यांच्या तराजूत अशा माणसाचे वजन कमीच भरते. नाण्यांची झीज मोजणाऱ्याला ते बहुधा कळले असते: जे नाणे फार फिरते, त्यावरचा ठसा आधी पुसतो.