हॉकीच्या जादूगाराची सगळ्यात लाडकी मॅच, जिच्यात गोल दुसऱ्यानेच केला

दिंडोरीच्या शाळेपासून दिल्लीपर्यंत 29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो. हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. त्या दिवशी एक किस्सा हमखास फिरतो. त्यांच्या स्टिकला बॉल इतका चिकटायचा म्हणे, की आत चुंबक आहे का हे बघायला ती तोडली गेली. खरंखोटं सोडा, पण या किस्स्यामागे त्यांचा पास झाकला जातो.

1905 साली अलाहाबादला जन्म. वडील सैन्यात, घर पुढे झाशीत स्थिरावलं. 1922 मध्ये ध्यानचंद साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि तिथे तिवारी नावाच्या सुभेदार-मेजरांनी त्यांना हॉकीचे धडे दिले.

हॉकीत पहिल्यांदा शिकायचा तो पुश पास. डावा हात स्टिकच्या टोकाला, उजवा खाली. डावा खांदा साथीदाराकडे, गुडघे वाकलेले. स्टिक मागे न नेता बॉलला टेकवायची आणि मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर आणत बॉल ढकलायचा. साथीदार पळत असेल तर तो उभा आहे तिथे नाही, पोहोचणार आहे तिथे. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

1933 च्या बेटन कपच्या फायनलला ध्यानचंद यांनी नेमकं हेच केलं. कलकत्त्यात झाशी हीरोज विरुद्ध तगडी कलकत्ता कस्टम्स. कस्टम्सचे हल्ल्यावर हल्ले सुरू होते. तेवढ्यात ध्यानचंद निसटले आणि मैदानाच्या मधूनच इस्माईलला लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान पळाला आणि मॅचचा एकमेव गोल झाला. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेला हा माणूस आपली सर्वोत्तम मॅच म्हणून हीच सांगायचा!

1936 ला बर्लिनमध्ये ते कॅप्टन होते. सराव सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 ने हरवलं. पुढच्या फळीचा मेळ बसत नव्हता, म्हणून दारा यांना भारतातून बोलावून घेतलं. ते सेमीफायनलपर्यंत पोहोचले. 15 ऑगस्टच्या फायनलमध्ये त्याच जर्मनीला 8-1.

1956 मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी हॉकी शिकवली. 3 डिसेंबर 1979 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार झाशीत झाले, हीरोजच्या मैदानावर.