नेल्सन ॲनान्डेल

थॉमस नेल्सन ॲनान्डेल (१५ जून, इ.स. १८७६ - १० एप्रिल, इ.स. १९२४) हे स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ व मानवशास्त्रज्ञ होते. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे ते संस्थापक व पहिले संचालक होत. भारतातील तळी, दलदली व खाजणे यांतील जीवसृष्टीच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला.

== जीवन ==
ॲनान्डेल यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. त्यांचे वडील तेथील विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. ऑक्सफर्ड व एडिंबरा येथे शिक्षण घेऊन त्यांनी मलाय द्वीपकल्पात संशोधन केले. १९०४ साली ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात उपअधीक्षक म्हणून रुजू झाले आणि १९०७ मध्ये अधीक्षक झाले. त्याच वर्षी संग्रहालयाची दोन शास्त्रीय नियतकालिके सुरू झाली.

== कार्य ==
गोड्या पाण्यातील स्पंज व तत्सम प्राण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणवनस्पतींची मुळे व देठ यांना चिकटून राहणारे अनेक जीव त्यात वर्णिलेले आहेत. स्टॅन्ली केम्प यांच्यासह त्यांनी ओडिशातील चिल्का सरोवराचे सर्वेक्षण केले. पावसाळ्यात गोडे व उन्हाळ्यात खारे होणाऱ्या या पाण्यात प्राणी कसे तग धरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता. मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिजीवनावरील लेखन १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

संग्रहालयातील चिलटांचे नमुने लॉरेनमधील धर्मगुरू व कीटकशास्त्रज्ञ कीफर यांनी अभ्यासले. १९१० मध्ये त्यांनी वर्णिलेल्या जातींत क्युलिकॉइडिस या रक्तशोषक चिलटांच्या जातीही होत्या. या चिलटांच्या अळ्या ओल्या चिखलात व कुजणाऱ्या पाणवनस्पतींत वाढतात. जनावरांचे काही विषाणुजन्य रोग या चिलटांमुळे पसरतात, हे नंतर स्पष्ट झाले. ॲनान्डेल व ब्रुनेटी यांनी १९०८ मध्ये नाव दिलेली फ्लेबोटोमस अर्जेन्टिपिस ही वालुमाशीच भारतात काळा आजार पसरवते, हे १९४२ मध्ये सिद्ध झाले. जातींची अचूक ओळख आधी झालेली असल्यामुळे रोगवाहकाचा शोध घेणे शक्य झाले.

== संस्था व वारसा ==
संग्रहालयाच्या एका विभागापुरते मर्यादित असलेले प्राणिशास्त्रीय संशोधन स्वतंत्र व्हावे, यासाठी ॲनान्डेल यांनी प्रयत्न केले. त्यातून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण स्थापन झाले. त्यांनी भारतीय तरुणांना संशोधनात आणले. त्यांपैकी सुंदरलाल होरा पुढे याच संस्थेचे संचालक झाले. १९२४ मध्ये ॲनान्डेल भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी, वयाच्या ४७ व्या वर्षी, कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.