गिटारमधली बासरी आणि लष्करातला डॉक्टर

गणेशोत्सवातल्या किंवा लग्नसमारंभातल्या ऑर्केस्ट्रात कधीमधी एक गंमत पाहायला मिळते. वादकाच्या गळ्यात गिटार असते, बोटे तारांवरच फिरत असतात आणि स्पीकरमधून मात्र बासरी किंवा व्हायोलिनचा ताफा ऐकू येतो. मागे कुठेही रेकॉर्ड लावलेले नसते. नीट पाहिले तर गिटारच्या ब्रिजजवळ, तारांच्या खाली एक अरुंद पट्टी बसवलेली दिसते. नेहमीचा पिकअप सहाही तारांचा आवाज एकत्र उचलतो. ही पट्टी प्रत्येक तारेची थरथर वेगवेगळी उचलते आणि यंत्राकडे पाठवते. तारेवर कोणता स्वर वाजला, किती जोरात वाजला, हे यंत्र ओळखते आणि ती माहिती सिंथेसायझरला कळवते. मग तो तोच स्वर बासरीच्या आवाजात वाजवतो. ही माहिती आकड्यांत कळवण्याची जी सांकेतिक भाषा १९८३ पासून जगभर रूढ झाली, तिला मिडी म्हणतात. गिटार सिंथेसायझर त्याच्याही आधीचे. जपानच्या रोलँड कंपनीने आपला पहिला गिटार सिंथेसायझर १९७७ मध्ये बाजारात आणला.

या यंत्राला दोन कामे करावी लागतात. आधी आवाज उलगडायचा आणि मग तो नव्याने बांधायचा. या दोन्ही कामांचा शास्त्रीय पाया घालण्यात ज्यांचा वाटा फार मोठा, ते गृहस्थ डॉक्टर होते, तेही लष्करातले. हरमान फॉन हेल्महोल्ट्झ हे त्यांचे नाव.

३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम शहरात त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. मुलाला पदार्थविज्ञान शिकायचे होते, पण घरात चार मुले आणि पगार बेताचा. त्या काळी प्रशियाचे सरकार हुशार मुलांना बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत फुकट शिकवत असे. अट एकच, शिकून झाल्यावर आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून काढायची. आपल्याकडे सरकारी कोट्यातून शिकलेल्या डॉक्टरांना ग्रामीण सेवेचा बाँड असतो, तसलाच हा प्रकार. वडिलांनी ते मान्य केले आणि सतराव्या वर्षी मुलगा बर्लिनला गेला. जाताना त्याने सामानासोबत आपला पियानोही नेला. दिवसभराचे वर्ग संपले की तो मोझार्ट, बेथोव्हेन वाजवत बसे. पुढच्या सगळ्या कामाचे बीज या पियानोत होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

१८४२ मध्ये पदवी घेऊन हेल्महोल्ट्झ पॉट्सडॅमच्या घोडदळाच्या तुकडीत रुजू झाले. बराकीतच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली. स्नायू काम करतो तेव्हा उष्णता कुठून येते, हे मोजता मोजता ते ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमापर्यंत पोहोचले आणि १८४७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो मांडला. एवढे झाल्यावर त्यांना शिपायांचे गळू कापायला ठेवणे सरकारलाही अवघड वाटले असावे. बाँडची उरलेली वर्षे माफ झाली आणि १८४९ मध्ये ते क्योनिग्जबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन वेल्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

क्योनिग्जबर्गमधला त्यांचा पहिला मोठा प्रयोग गिटारशी संबंधित वाटणार नाही. पण तो आहे. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो? त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांच्या मते हा वेग मोजणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते. हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेली नस घेतली. नसेला आधी स्नायूजवळ विजेचा झटका दिला, मग लांबच्या टोकाला दिला. दुसऱ्या वेळी स्नायू सेकंदाच्या एक-दोन सहस्रांश इतका उशिरा आकुंचन पावला. नोंदी टिपायला ओल्गाबाई मदतीला असत. दोन बिंदूंमधल्या अंतराला या उशिराने भागले आणि उत्तर आले, सेकंदाला साधारण २७ मीटर. विजेच्या वेगाच्या मानाने ही गोगलगायच. मधल्या या काळाला त्यांनी फ्रेंचमध्ये हरवलेला वेळ असे नाव दिले.

आज मधुमेहाच्या रुग्णाचे तळपाय बधिर झाले, किंवा मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येऊ लागल्या, की नर्व्ह कंडक्शनची तपासणी सांगतात. मनगटावर एक झटका, कोपराशी एक झटका, दोन्हींच्या वेळांतला फरक आणि मधले अंतर. पद्धत तीच, १८५० सालची. माणसाच्या हातात हा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे बोटाच्या टोकाला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत पोहोचायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो.

मिडी पिकअप वापरणाऱ्यांची सर्वांत जुनी तक्रार नेमकी याच मापाची आहे. तार छेडली आणि बासरी किंचित मागून आली. कारण साधे आहे. स्वर ओळखायचा तर तारेचे निदान एक-दोन पूर्ण हेलकावे पाहावे लागतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते; एका हेलकाव्याला बारा सहस्रांश सेकंद, दोनांना चोवीस. सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा हलते, तिथे दोन हेलकावे सहा सहस्रांशात उरकतात. त्यामुळे वरच्या तारांवर उशीर जाणवत नाही आणि खर्जात वादक वैतागतो. यंत्र कितीही महागडे घेतले तरी जे हेलकावे अजून झालेच नाहीत ते त्याला मोजता येत नाहीत. जाणकार वादक म्हणूनच खर्जाचा भाग वरच्या सप्तकात वाजवतात आणि यंत्राकडून खाली उतरवून घेतात. ध्वनिमुद्रण करताना तर सोय आणखी चांगली. मिडीमध्ये आवाज साठवला जात नाही, फक्त कोणता स्वर कधी, किती जोरात याची नोंद राहते. ती नोंद नंतर दोन-चार सहस्रांश पुढे सरकवता येते, चुकून लागलेला स्वर पुसता येतो, बासरीऐवजी सनईसुद्धा लावता येते. सोबत गिटारचा मूळ आवाजही वेगळा मुद्रित करून ठेवला तर दोन्ही जुळवायला सोपे जाते.

हेल्महोल्ट्झ यांच्याकडे परत येऊ. १८५०-५१ च्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून त्यांनी पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि काचेचे तुकडे चिकटवून एक उपकरण केले. त्यातून पाहिल्यावर जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा स्पष्ट दिसला. तोच ऑप्थॅल्मोस्कोप. तो आज प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असतो आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल, म्हणून इथे एवढेच.

१८५५ मध्ये बॉन, १८५८ मध्ये हायडेलबर्ग. या काळात डोळ्याइतकाच कानाने त्यांचा ताबा घेतला. एकच षड्ज बासरीवर, सतारीवर आणि गळ्यातून लावला तरी आपण तिन्ही ओळखतो, ते कसे? प्रत्येक आवाजात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर मिसळलेले असतात, हे ठाऊक होते. तानपुरा नीट लागला की कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो असाच पाचवा उपस्वर. हेल्महोल्ट्झ यांनी हे उपस्वर वेगळे पकडायचे ठरवले. त्यासाठी काचेचे आणि पितळेचे पोकळ गोळे करून घेतले. गोळ्याच्या एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला कानात बसणारी नळी. प्रत्येक गोळा फक्त आपल्या मापाच्या स्वरालाच घुमतो. गोळे एकामागून एक कानाला लावत गेले की आवाजाची शिवण उसवत जाते. गिटारच्या पोटातली हवा भोकातून घुमते तीही याच तत्त्वाने.

उलगडणे झाले, आता बांधणे. त्यांनी आठ नादकाटे घेतले, म्हणजे कान-नाक-घसा विभागात असतात तसे ट्यूनिंग फोर्क. पहिला मूळ स्वराचा, बाकीचे उपस्वरांचे. विद्युतचुंबकांनी ते सतत कंप पावत ठेवले, प्रत्येकासमोर घुमणारी नळी ठेवली आणि नळीच्या तोंडावर झाकण. झाकण कमी-जास्त उघडले की त्या उपस्वराचा जोर कमी-जास्त होई. योग्य झाकणे योग्य तितकी उघडल्यावर काटे चक्क उ आणि ओ म्हणू लागले. आ बऱ्यापैकी जमला, ए आणि ई मात्र नीट उमटेनात. त्यांना आणखी वरचे काटे हवे होते. विजेवर चालणारा आणि आवाजाचे घटक जुळवून नवा आवाज घडवणारा सिंथेसायझर याहून जुना दाखवणे कठीण आहे. आजचे सगळे सिंथेसायझर याच रीतीने चालतात असे नाही. पुष्कळदा खऱ्या बासरीचे ध्वनिमुद्रित तुकडेच त्यांत भरलेले असतात. पण आवाज म्हणजे मोजून मिसळता येणारी गोष्ट, हा विश्वास या आठ काट्यांतूनच आला.

या काट्यांची हकीकत लंडनच्या अलेक्झांडर एलिस यांनी तरुण ग्रॅहॅम बेल यांना सांगितली. बेलना जर्मन धड येत नव्हते. हेल्महोल्ट्झ यांनी स्वर तारेतून दूरवर पाठवले, असा त्यांचा समज झाला आणि आपणही ते करावे म्हणून ते कामाला लागले. गैरसमजातून टेलिफोनची वाट सापडली.

१८६३ मध्ये नाद आणि श्रवण यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कानातल्या शंखाच्या आकाराच्या भागातल्या पडद्याची एकेक जागा एकेका स्वराला, पियानोच्या तारांसारखी, बांधलेली असते, असे त्यात त्यांनी मांडले. तारांची उपमा पुढे टिकली नाही. पडद्यावरून लाट सरकत जाते हे बेकेशी यांनी दाखवले आणि त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. जागेचा मुद्दा मात्र खरा ठरला. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात तेव्हा एका तारेवरचे इलेक्ट्रोड कानाच्या शंखात ओळीने सरकवले जातात. आतल्या टोकाचे खर्ज ऐकवतात, बाहेरचे तार स्वर. एका प्रचलित इम्प्लांटमध्ये हे इलेक्ट्रोड २२ असतात. श्रुतीही बावीसच, पण हा निव्वळ योगायोग.

श्रुतींवरून आठवते. एलिस यांनी १८७५ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आणि नादाचे हे गणित हिंदुस्थानात पोहोचले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या आधाराने बावीस श्रुतींची कंपने ठरवण्याचा प्रयत्न केला आणि १९१० मध्ये पुस्तक काढले. विज्ञानाकडे ओढून नेणाऱ्या मोजक्या पुस्तकांत सी. व्ही. रामन हेल्महोल्ट्झ यांचा हा ग्रंथ धरत. तानपुऱ्याची जवारी उपस्वरांना कशी फुलवते, यावर त्यांनी १९२१ मध्ये लिहिले. मिरजेच्या कारागिरांनी घोडीवर घासून काढलेली ती जवारी कानाला तृप्त करते, पण स्वर ओळखणाऱ्या यंत्राला बुचकळ्यात टाकते. उपस्वर इतके ठळक की मूळ स्वर कोणता हेच त्याला चटकन कळत नाही. शिवाय सतारीची मींड मिडीच्या पायऱ्यांत बसत नाही, ती वेगळ्या आकड्यांनी जोडून घ्यावी लागते. गिटारसाठी बनलेली यंत्रे सतारीला लावली की वादक हात टेकतात ते यामुळे.

हेल्महोल्ट्झ यांचे घरगुती आयुष्य मात्र सुरेल नव्हते. ओल्गाबाई बराच काळ आजारी होत्या. १८५९ मध्ये त्या गेल्या, मागे दोन लहान मुले. दोन वर्षांनी त्यांनी आना फॉन मोल यांच्याशी लग्न केले. त्यांना स्वतःला अर्धशिशीचा त्रास होता. १८७१ मध्ये ते बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. घरच्या गरिबीने अडवलेल्या विषयाकडे पन्नाशीत परतले. १८९३ मध्ये अमेरिकेहून येताना जहाजाच्या जिन्यावरून ते पडले. पुढच्या जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांचा लाडका विद्यार्थी हाइनरिक हर्ट्झ छत्तिसाव्या वर्षी वारला होता. त्याच्या मरणोत्तर निघालेल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणे हे आजारी गुरूच्या शेवटच्या कामांपैकी एक. तारेच्या कंपनांचा जो आकडा आज गिटारच्या ट्यूनरवर दिसतो, त्याचे एकक या विद्यार्थ्याच्या नावाचे आहे.