मार्गरीत मोनो

फ्रान्स देशातून ल्वार नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठी दसीझ हे एक लहानसे जुने गाव आहे. तेथील चर्चमध्ये गाब्रिएल मोनो नावाचे गृहस्थ ऑर्गन वाजवीत असत. बालपणीच त्यांची दृष्टी गेली होती. या अंध वादकाच्या घरी २८ मे १९०३ रोजी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मार्गरीत.

मार्गरीतला संगीताचे पहिले धडे पित्यानेच दिले. आई भाषा व साहित्य शिकवीत असे. अशा रीतीने स्वर आणि शब्द या दोहोंचे संस्कार तिच्यावर घरातच झाले. इतर मुली बाहुल्यांशी खेळतात, त्या वयात ती श्रोत्यांसमोर पियानो वाजवू लागली. मोझार्ट, शोपँ, लिस्ट अशा थोर रचनाकारांच्या कृती तिच्या चिमुकल्या बोटांतून उमटू लागल्या. ही मुलगी पुढे मोठी पियानोवादक होणार, अशी सर्वांची खात्री होती.

पंधराव्या वर्षी ती पॅरिसला गेली. तेथे आल्फ्रेद कोर्तो या विख्यात वादकाकडे ती पियानो शिकली. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा मेळ साधतात. या स्वरमेळाचे शास्त्र तिने नादिया बुलांजे या नामवंत विदुषीकडून शिकून घेतले. आता मैफली गाजवावयाच्या, एवढेच उरले होते.

परंतु नियतीच्या मनात निराळेच होते. वयाची विशी गाठण्याच्या सुमारास मार्गरीतची प्रकृती ढासळली. मैफलींचे श्रम तिला झेपेनात. ज्या ध्येयासाठी सारे बालपण वेचले, त्याचे दारच बंद झाले! अशा वेळी एखादी मुलगी खचून गेली असती. मार्गरीतने मात्र पियानो मिटून ठेवला नाही. तिने आपली विद्या दुसऱ्या वाटेने नेली.

फ्रेंच भाषेत गाण्याला 'शांसाँ' म्हणतात. पॅरिसच्या रस्त्यांवर, उपाहारगृहांत आणि रंगमंदिरांत अशी गाणी रंगत असत. एखाद्या सैनिकाची, खलाशाची किंवा गरीब मुलीची कहाणी अशा गाण्यात तीन-चार मिनिटांत सांगितली जाई. थोरामोठ्यांच्या रचना वाजविणाऱ्या मार्गरीतबाई आता या साध्या गाण्यांना चाली लावू लागल्या. गाणे लहान म्हणून त्यात मेहनत कमी, असे त्यांनी कधी मानले नाही.

त्याच काळात एदित पियाफ ही तरुणी पुढे येत होती. रस्त्यावर गाऊन तिने दिवस काढले होते. मार्गरीतबाईंच्या 'लेत्रांजे' या गाण्याने तिला वेड लावले. ते गाणे आनेत लाजों या गायिकेसाठी राखलेले होते. एदितने ते नुसते ऐकून पाठ केले आणि परवानगीवाचून गाऊन टाकले! आनेतला राग आला, यात नवल नाही. मार्गरीतबाईंनी मात्र त्या आवाजातले सामर्थ्य ओळखले. रागाच्या प्रसंगातून स्नेह जुळला आणि तो पुढे सुमारे पंचवीस वर्षे टिकला. एदित त्यांना लाडाने 'गीत' म्हणे. फ्रेंच भाषेत हे मार्गरीत या नावाचे लघुरूप आहे. पण आपल्या मराठी कानांना ते किती सार्थ वाटते!

१९३६ साली रेमों आसो या कवीच्या शब्दांना त्यांनी चाल दिली आणि 'मों लेज्योनेर' हे एका सैनिकाविषयीचे गीत जन्मास आले. आधी मारी द्यूबा आणि मग एदित यांनी ते गाजविले. १९४९ साली एदितच्याच शब्दांवर त्यांनी 'इम्न आ लामूर', म्हणजे प्रेमाचे स्तोत्र, रचले. त्याच वर्षी एदितचा प्रियकर, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां, विमान अपघातात मरण पावला. तेव्हापासून ते गीत ऐकताना लोकांचे डोळे पाणावू लागले. पुढे १९५६ साली त्यांच्या 'इर्मा ला दूस' या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग पॅरिसमध्ये झाला. ते लंडनमध्ये व न्यूयॉर्कमध्येही अतिशय लोकप्रिय झाले. १९५९ साली जॉर्ज मुस्ताकी या तरुण कवीच्या शब्दांना त्यांनी दिलेली 'मिलॉर' ची चाल घरोघरी पोहोचली.

एवढे यश लाभूनही अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९६० साली एदितला शार्ल द्यूमों या नव्या संगीतकाराच्या चाली आवडू लागल्या आणि जुनी सखी मागे पडली. मार्गरीतबाईंच्या मनाला ही गोष्ट फार लागली. १२ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिस येथे पोटाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

गाणाऱ्याचे नाव सर्वांच्या मुखी असते. चाल बांधणाऱ्याचे नाव फारसे कोणी विचारीत नाही. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील ऑलिंपिक क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनास पाऊस पडत होता. दुर्धर आजारामुळे काही वर्षे मंचापासून दूर राहिलेली कॅनडाची गायिका सेलीन दियों त्या रात्री आयफेल मनोऱ्यावर उभी राहिली. तिच्या साथीला पियानो होता आणि ती गात होती ते गीत होते 'इम्न आ लामूर'. जगातील कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्यांतील कितीकांना दसीझच्या त्या अंध वादकाची लेक ठाऊक असेल? तिची मैफल आजाराने हिरावून घेतली होती. तिची चाल मात्र कोणालाही हिरावून घेता आली नाही.